‘कार्ड चालतं का?’ : मूत्रपिंड, सरकारी विमा आणि नाशिकचा रुग्ण

नाशिकच्या शालिमार भागात संदर्भ सेवा रुग्णालयाच्या आसपास, औषधांच्या दुकानांसमोर किंवा रिक्षाथांब्यावर थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानांवर येतो : ‘कार्ड चालतं का?’ विचारणारा सुरगाण्याहून आलेला असतो, नाही तर येवल्याहून. पिशवीत सोनोग्राफीचे पाकीट, रक्ताचे रिपोर्ट आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेले रेशनकार्ड. कोणते कार्ड, हे तो सांगत नाही. पिवळे, केशरी, आयुष्मान, कामगार विम्याचे, माजी सैनिकांचे, काहीही असू शकते. कुठे चालते, हेही अर्धवटच असते, कारण त्याला शोधायचा असतो डॉक्टर आणि यादी मिळते रुग्णालयांची.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यक माझा विषय नव्हे. पण निफाड तालुक्यातल्या माझ्या आतेभावाची दोन्ही मूत्रपिंडे २०१६ साली निकामी झाली आणि त्याच्याबरोबर चकरा मारताना शासन निर्णयांचे कागद माझ्याकडे जमत गेले. त्या कागदांवरच्या तारखा ओळीने लावल्या तेव्हा लक्षात आले, की या तीन शब्दांच्या प्रश्नामागे पन्नासेक वर्षांची हकिकत आहे आणि तिची सुरुवात कुठल्याही योजनेने होत नाही. ती एका राजकीय कैद्याने होते.

जयप्रकाश नारायणांना २६ जून १९७५च्या पहाटे दिल्लीत अटक झाली. त्यांना चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध ठेवले होते. तिथे प्रकृती ढासळली, नोव्हेंबरात सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. हे रुग्णालय अवघ्या दोन वर्षांचे होते आणि त्याचे उद्‌घाटन इंदिरा गांधींच्याच हस्ते झाले होते. मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे निदान झाले. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले, ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले. घरी वापरता येईल असे यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा पैशाचा प्रश्न आला. लोकवर्गणी सुरू झाली, लोकांनी एकेक रुपया दिला. पंतप्रधान मदत निधीतून इंदिरा गांधींनी नव्वद हजार रुपये पाठवले. जयप्रकाशांनी ते परत केले.

या प्रसंगाकडे आपण आणीबाणीच्या राजकारणातला एक बाणेदार क्षण म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मूत्रपिंडाचा आजार एका माणसाच्या, अगदी लोकनायकाच्याही खिशाला झेपणारा नाही, हे या देशाने जाहीरपणे प्रथम पाहिले ते बहुधा तेव्हाच. हृदयाची शस्त्रक्रिया महाग असली तरी एकदा होते. डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा आणि आयुष्यभर करावे लागते. अशा खर्चाला वर्गणी किती दिवस पुरणार? सगळेच काही जयप्रकाश नसतात.

त्याच नोव्हेंबर १९७५च्या १ तारखेला मनमाड-मुंबई पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली होती. दोन घटनांचा अर्थाअर्थी संबंध नाही. पण पुढची पंचवीस-तीस वर्षे नाशिक जिल्ह्यातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाचा दवाखाना म्हणजे व्यवहारात पंचवटी एक्स्प्रेसच होती, हे जुन्या माणसांना विचारले तर ते सांगतात. सकाळी नाशिकरोडला बसायचे, परळला केईएमला नाही तर नायर, सायनला नंबर लावायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. ही मुंबई महापालिकेची रुग्णालये, म्हणजे मुंबईकरांच्या करांवर चालणारी. नाशिक, धुळे, जळगावच्या रुग्णांचा भार त्यांनी निमूटपणे वाहिला, याची नोंद आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली नाही.

उपचार तेव्हा नवाच होता. डॉ. विलेम कोल्फ यांनी जर्मनव्याप्त हॉलंडमधल्या कांपेन गावी १९४३मध्ये पहिले फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड चालवले. सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या त्याला वापरल्या होत्या. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे हा उपाय तात्पुरता होता. १९६०मध्ये अमेरिकेत सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली आणि मूत्रपिंडे गेलेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकेल, हे सिद्ध झाले. लगेच दुसरा पेच उभा राहिला : यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. सिएटलमध्ये १९६२ साली यासाठी सात जणांची समिती होती. वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. यंत्र कोणाला मिळणार, म्हणजे कोण जगणार, हे ती ठरवी. वृत्तपत्रांतून हे बाहेर आल्यावर अमेरिकेत खळबळ माजली आणि दहा वर्षांनी, १९७२च्या कायद्याने, तिथल्या सरकारने जवळजवळ सर्व मूत्रपिंडरुग्णांचा डायलिसिसचा खर्च उचलायचे ठरवले.

आपल्याकडे अशी समिती कधी बसली नाही. आपल्याकडे ते काम रेशनकार्डाच्या रंगाने केले.

हा रंगांचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात १ मे १९९९पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी. हेतू सरळ होता, स्वस्त धान्य कोणाला द्यायचे ते ठरवणे. गहू-तांदळासाठी आखलेली ही रेघ पुढे मूत्रपिंडाला लागू होईल, असे ती आखणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. पण सरकारी कागदाचा एक स्वभाव असतो. तो एकदा घरोघर पोचला, की पुढची प्रत्येक योजना त्याच्यावरच शिक्का मारते.

राज्याची पहिली जीवनदायी योजना १९९७ची. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी दीड लाखापर्यंत मदत, आणि तीही थेट मान्यताप्राप्त रुग्णालयाला. हेतू चांगला, पण अर्ज, मंजुरी, पत्र असा सगळा प्रवास. मूत्रपिंडाचा रुग्ण मंजुरीची वाट पाहू शकत नाही, कारण रक्तातले पोटॅशियम सरकारी सुट्ट्या पाळत नाही. त्याआधी १९९४मध्ये संसदेने मानवी अवयव प्रतिरोपणाचा कायदा केला होता. तो करावा अशी विनंती करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यामागे मुंबईत उघड चालणारा मूत्रपिंडांचा बाजार हे एक कारण होते. कायद्याने विक्री बंद केली, ते योग्यच झाले. प्रतिरोपण परवडेल कसे, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेतला नव्हता.

२००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली : दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. कायद्यातली मूळ तरतूद १९८५पासूनची. वीस वर्षे ती पुस्तकात होती, न्यायालयाने तिला हात-पाय दिले. तरीही ही खाट मागून घ्यावी लागते, आणि मागायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. मग २००८ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. स्मार्ट कार्ड, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजार. बाळंतपणाला, हर्नियाला ठीक. डायलिसिसला तीस हजार म्हणजे दोन-तीन महिने, फार तर.

खरा बदल २०१२चा. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डींनी २००७मध्ये ‘आरोग्यश्री’ सुरू केली होती. तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. विमा कंपनीला हप्ता सरकार भरणार आणि पिवळ्या-केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे, मूत्रपिंड प्रतिरोपणासाठी अडीच लाखांचे उपचार रोख पैसे न भरता मिळणार. रुग्णालयात आरोग्यमित्र बसणार. अर्ज-मंजुरीच्या जागी संगणक आला, हा फरक लहान नव्हता. पण पहिल्या टप्प्यातले आठ जिल्हे पाहा : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. त्यात नाशिक नाही. मालेगावच्या रुग्णाला शेजारच्या धुळ्यात कार्ड चालताना दिसे आणि स्वतःच्या तालुक्यात ते नुसते रेशनचे राही. नोव्हेंबर २०१३मध्ये योजना राज्यभर गेली तेव्हा नाशिकचा समावेश झाला. सोळा महिने म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाच्या हिशेबात आठवड्याला तीन धरले तर दोनशेहून अधिक वेळा यंत्राला लागणे. इतक्या काळात किती रुग्ण मागे पडले असतील, हे कुठल्याही अहवालात मला सापडलेले नाही.

आतेभावाची गोष्ट इथे येते. त्याचे कार्ड पांढरे. तीन एकर द्राक्षबाग, त्यातही दोन वर्षे गारपीट झालेली, पण कागदावर उत्पन्न लाखावर. शासनाने शेतकरी आत्महत्या झालेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतले होते. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा. नाशिक त्यात नव्हते. द्राक्षबागाईतदार म्हणजे श्रीमंत, ही समजूत मुंबईत पक्की आहे. एका खासगी रुग्णालयात खिडकीवरच्या मुलीने त्याचे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि नम्रपणे सांगितले, ‘काका, हे नाही चालत.’ बाग विकायची की डायलिसिस आठवड्यातून तीनवरून दोनवर आणायचे, यात त्याने दोन निवडले. २०१८च्या पावसाळ्यात तो गेला. करोनाच्या साथीत, मे २०२०मध्ये, पांढऱ्या कार्डालाही तात्पुरती मुभा मिळाली. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने सर्वांनाच कुटुंबामागे पाच लाखांचे कवच आणि प्रतिरोपणासाठी साडेचार लाख जाहीर झाले. प्रत्यक्ष अंमल जुलै २०२४पासून. योजनेचे नाव मधल्या काळात, २०१७मध्ये, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले होते आणि २०२०पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली होती. धान्यासाठी आखलेली १९९९ची रेघ आरोग्यापुरती पुसायला पंचवीस वर्षे लागली.

आता डॉक्टरकडे येऊ, कारण मूळ शोध त्याचा आहे. आपण सरसकट ‘किडनीचा डॉक्टर’ म्हणतो, पण ते दोन वेगळे व्यवसाय आहेत. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गातला अडथळा यांची शस्त्रक्रिया करतो तो यूरॉलॉजिस्ट. मूत्रपिंड हळूहळू का निकामी होते आहे हे पाहणारा, औषध देणारा आणि डायलिसिस ठरवणारा तो नेफ्रॉलॉजिस्ट. ही दुसरी शाखा तरुण आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली परिषद १९६०मध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँ इथे भरली आणि भारतीय संघटना १९७०ची. नेफ्रॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएसपासून धरले तर साडेअकरा वर्षे लागतात. या पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून नाशिकमध्येच म्हसरूळला आहे. राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकचे नाव असते. खुद्द नाशिकला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र विद्यापीठानंतर वीस वर्षे नव्हते. आडगावचे महाविद्यालय मराठा विद्या प्रसारक समाजाचे. सरकारी महाविद्यालय नसल्याने मूत्रपिंडविकाराचा सरकारी अध्यापक-विभागही नव्हता. त्यामुळे इथले तज्ज्ञ बहुतांशी खासगीत राहिले, ही मला या सगळ्यातली कळीची गोष्ट वाटते. योजनेचा पैसा शहरात आला तेव्हा त्याला खासगी रुग्णालयांच्या दारातूनच आत जावे लागले.

आणि योजना करार करते तो रुग्णालयाशी, तोही शाखेनुसार. एखादे रुग्णालय मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी अंगीकृत असते, पण डायलिसिससाठी नसते. शहरात एकच नेफ्रॉलॉजिस्ट दोन-तीन रुग्णालयांत जातो. एका दारी तो कार्डावर मिळतो, दुसऱ्या दारी तोच माणूस रोख फी घेतो, आणि यात त्याचा काही दोष नाही. ‘अमुक डॉक्टर कार्ड घेतात का’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसते. विचारायचे ते असे : अमुक रुग्णालय नेफ्रॉलॉजी शाखेसाठी अंगीकृत आहे का, तिथे आज आरोग्यमित्र आहे का आणि हे डॉक्टर तिथे येतात का. योजनेचा फोन १५५३८८. सातपूर-अंबडच्या कामगाराची वाट निराळी. राज्य कामगार विमा रुग्णालयातून चिठ्ठी घ्यायची, मग करार असलेल्या रुग्णालयात जायचे. तिथे पगाराची मर्यादा २०१७पासून एकवीस हजारांवर थांबलेली आहे. वर गेला की योजनेबाहेर. बढती मिळाल्याचे दुःख झालेला माणूस मी सातपूरला पाहिला आहे. देवळालीच्या माजी सैनिकांचे पॉलिक्लिनिक हा तिसरा रस्ता.

सर्वांत मोठी फट मात्र वेगळीच आहे. फुले योजना चालते ती ठरवून दिलेल्या उपचारांसाठी, मुख्यतः दाखल झाल्यावर. रुग्ण आल्यापासून घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंत सगळे मोफत, असा तिचा आराखडा. पण मूत्रपिंडविकारतज्ज्ञाचे खरे काम त्याच्या कितीतरी आधीचे असते. क्रिएटिनिन दीडच्या पुढे सरकले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तेव्हा रक्तदाब आणि साखर आवळून धरायची, दुखण्याच्या गोळ्या बंद करायच्या, दर तीन महिन्यांनी पाहायचे. यात दाखल होणे नाही, शस्त्रक्रिया नाही, म्हणून कार्डही नाही. मूत्रपिंडे पूर्ण गेली, की मगच योजनेचा दरवाजा उघडतो.

जयप्रकाशांचे डॉक्टर मणी पुढे मद्रासला गेले. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध डायलिसिस रुग्णाला चार वर्षे सांभाळलेल्या या माणसाने निष्कर्ष काढला तो असा, की भारताला सगळ्यांसाठी डायलिसिस परवडणार नाही, आजार आधीच अडवला पाहिजे. किडनी हेल्प ट्रस्टमार्फत त्यांनी मद्रासजवळच्या खेड्यांत साध्या कार्यकर्त्यांकरवी लघवी आणि रक्तदाब तपासायला लावले आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना जुनी, अगदी स्वस्त औषधे दिली. माणशी वर्षाचा खर्च काही रुपयांत होता आणि त्यांनी तो शास्त्रीय नियतकालिकांतून मांडलाही. धोरणे आखणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र यंत्रच भरते. त्याचे उद्‌घाटन करता येते, लघवीच्या तपासणीचे करता येत नाही.

यंत्रे आली, हेही खरे. २०१६च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. दरवर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण, एका डायलिसिसला दोन हजार रुपये आणि निम्मीच गरज भागते, हे आकडे त्यांनी भाषणातच सांगितले होते. जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून केंद्रे : जागा, वीज आणि पाणी सरकारचे, यंत्रे आणि माणसे ठेकेदाराची. पाण्याचा उल्लेख उगाच नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला एकशेवीस लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते. एसटीने डायलिसिसच्या रुग्णाला साध्या आणि निमआराम गाडीत पूर्ण सवलत दिली आहे. सुरगाण्याच्या माणसाला ही सवलत पाच लाखांच्या कवचाइतकीच मोलाची, कारण आठवड्यात तीन वेळा नाशिक गाठायचे म्हणजे पाचशे किलोमीटरच्या पुढे हिशेब जातो.

आता शेवटचा कागद. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार सर्वांना निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी रुग्णालये त्यात आहेत, आणि शासनाच्या यादीत नाशिक व अमरावतीच्या संदर्भ रुग्णालयांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे क्रिएटिनिन दीड असताना, मूत्रपिंडे अजून हातात असताना, शालिमारच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला कुठलेच कार्ड लागत नाही. रक्ताचा नमुना तर गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच घेतला जातो, शासनाच्या मोफत तपासणी योजनेत. गेल्या वैशाखात पेठ तालुक्यात एका केंद्रावर मी चौकशी केली. साखर आणि रक्तदाबाच्या वहीत पंचेचाळीस वर्षांवरच्या माणसांची नावे ओळीने होती. क्रिएटिनिनचा रकाना होता, बराचसा भरलेलाही होता. पुढचा, ‘संदर्भित केले’ हा रकाना मी पाहिलेल्या पानांवर कोरा होता.